जादूच्या घड्याळाला भोक किती मोठं हवं?

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

जादूच्या घड्याळावर गोष्ट लिहायची आहे, त्याआधी घड्याळांचा इतिहास सांग, असं तू लिहिलं आहेस. सगळा इतिहास एका पत्रात मावणार नाही आणि गोष्टीला तो सगळा लागणारही नाही. तुझ्या उपयोगाचं एवढंच, की घड्याळात काय काय असावं लागतं आणि ते नेमकं कुठे चुकतं. जादू त्या चुकण्याच्या जागी घाल, म्हणजे वाचणाऱ्याला ती पटेल. काटे उलटे फिरले आणि नायिका शिवकाळात जाऊन पडली, हे तुझ्या वर्गातली निम्मी मुलं लिहिणार आहेत.

कुठल्याही घड्याळात तीन गोष्टी असतात. पुन्हा पुन्हा एकसारखी होणारी एक क्रिया, ती मोजणारं कोणीतरी, आणि ती बंद पडू नये म्हणून तिला बळ पुरवणारं काहीतरी. भिंतीवरच्या जुन्या घड्याळात लंबक हलतो, दातेरी चाकं मोजतात आणि चावी दिलेली स्प्रिंग बळ पुरवते. तुझ्या मनगटावरच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक थरथरतो, चिप मोजते आणि सेल बळ पुरवतो. आपल्याकडच्या घटिकापात्रात वाटी बुडते, माणूस मोजतो, आणि बळ पुरवतं ते वाटीचं स्वतःचंच वजन. माझ्या मते गोष्टीसाठी यातलं शेवटचं घ्यावं, कारण त्यात काहीच झाकलेलं नसतं. म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

दिवस आणि रात्र मिळून ६० घटिका. एक घटिका २४ मिनिटांची, आणि तिची ६० पळं, म्हणजे पळ २४ सेकंदांचं. साडेसात घटिकांचा प्रहर, असे आठ प्रहर. तांब्याच्या वाटीला तळाशी बारीक भोक पाडून ती पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी आत येत राहतं, वाटी जड होते आणि बुडते. ती बुडली की एक घटिका झाली. लग्नघरी मुहूर्त साधायला जोशीबुवा सूर्योदयाला घटिका बसवत आणि वाट्या मोजत बसत.

ही वाटी तुला करता येईल. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, अर्धगोल, १२० ग्रॅमच्या आसपास वजनाची पातळ तांब्याची वाटी घे. पुण्यात असशील तेव्हा कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी कर. बूड गोलच हवं. उभ्या कडांची, सपाट बुडाची वाटी पाणी आत आलं की एका बाजूला कलते, कारण आतलं पाणी उताराकडे पळतं. अर्धगोल वाटीत बाहेरच्या पाण्याचा रेटा आणि आतल्या पाण्याचं वजन दोन्ही गोलाच्या मध्यबिंदूतूनच जातात, त्यामुळे कितीही पाणी आलं तरी ती सरळच राहते. जुन्या ग्रंथांनी अर्धगोल आकार सांगितला तो उगीच नाही.

भोक मात्र हाताने खिळा ठोकून पाडू नकोस. खिळ्याचं भोक दोन मिलिमीटरचं होतं आणि वाटी पाच-सहा मिनिटांत तळ गाठते. २४ मिनिटांसाठी भोक जेमतेम एक मिलिमीटर लागतं, किंबहुना त्याहून किंचित कमी. आधी ०.८ मिलिमीटरच्या ड्रिलने पाड. वाटी अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ घेईल. मग सुई फिरवून भोक अगदी थोडं थोडं मोठं करत जा आणि दर वेळी वेळ मोज. भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर वेळ साधारण १७ टक्क्यांनी घटतो, तेव्हा शेवटी शेवटी फार जपून. मोठं झालेलं भोक लहान करणं कटकटीचं असतं. वाटी थोडीशीच रेंगाळत असेल तर भोकाला हात लावू नकोस, तळाशी तांब्याच्या तारेचं लहानसं कडं ठेव. वजन वाढलं की ती लवकर बुडते.

बिघडतं ते असं. वाटी आतून कोरडी असली तर पाणी भोकाच्या तोंडाशी फुगीर थेंब धरून थांबतं आणि आत शिरतच नाही. तेवढ्या बारीक भोकावर पृष्ठताण वाटीच्या वजनालाही दाद देत नाही. म्हणून तळ आधी ओल्या बोटाने पुसून घ्यायचा. तेलकटपणाचाही हाच त्रास. बोअरचं जड पाणी वापरलंस तर थोड्या दिवसांत भोकाच्या कडेला क्षार धरतो आणि घटिका लांबायला लागते, तेव्हा चिंच लावून घासायची. पाण्यात कचरा असेल तर विचारूच नकोस, गाळूनच घे. पाणी ऊन असलं तर ते पातळ होऊन थोडं लवकर शिरतं. घंगाळात किती पाणी आहे याने मात्र फरक पडत नाही, वाटी तळाला टेकणार नाही एवढं खोल असलं की पुरे. बरेच लोक उलट समजतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

शेवटचा क्षण नीट बघ. काठ पाण्याच्या पातळीला येतो, पाणी काठाबाहेर थोडंसं फुगून उभं राहतं, आणि मग एका बाजूने आत कोसळतं. 'डुबुक' असा आवाज होतो आणि क्षणात वाटी खाली असते. २४ मिनिटांचा कंटाळा आणि एका सेकंदाचा शेवट.

आता मोजणाऱ्याची अडचण. बुडालेली वाटी काढून, ओतून, पुन्हा ठेवेपर्यंत दहा सेकंद गेले, तर ६० घटिकांत दहा मिनिटांची चूक साठते. म्हणून रोज सूर्योदयाला हिशेब नव्याने सुरू करत. मोजून झाल्यावर ते लोकांना कळवायचं कसं, हीही पंचाईतच. बाबराने आपल्या आठवणींत लिहिलं आहे, की हिंदुस्थानातले घडियाली पितळेच्या जाड तबकडीवर घटिकांचे ठोके देत, पण प्रहराचे ठोके फक्त प्रहर संपतानाच. मध्यरात्री जागा झालेला माणूस घटिका ऐके, पण कितवा प्रहर चालू आहे ते त्याला कळत नसे. मग बाबराने हुकूम काढला, की रात्री आणि ढगाळ दिवशी घटिकेच्या ठोक्यांनंतर प्रहराचेही ठोके द्यावेत. मला ही सुधारणा फार हुशारीची वाटते. यंत्र तेच, पण ऐकणाऱ्याला उपयोग दुप्पट.

लंबकाकडे वळू. युरोपात चौदाव्या शतकापासून वजनावर चालणारी चाकांची घड्याळं होती, पण ती दिवसाला पंधरा मिनिटंही चुकत, कारण त्यांच्यात एकसारखी होणारी क्रियाच धड नव्हती. १६५६ मध्ये हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्स यांनी लंबक बसवला आणि चूक काही सेकंदांवर आली. लंबकाची गंमत अशी, की झोका थोडा लहान असो की थोडा मोठा, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. वेळ ठरते ती लांबीवरून. सेकंदाला एक झोका, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, हवा असेल तर लंबक ९९.४ सेंटिमीटर लांब लागतो. त्यात एक मिलिमीटरचा फरक पडला तर दिवसाला सुमारे ४३ सेकंदांचा घोळ होतो. लंबकाच्या गोळ्याखालची चकती फिरवून गोळा वरखाली करतात तो याचसाठी. वर घेतला की घड्याळ पुढे जातं, खाली सोडला की मागे पडतं. पोलादी दांडा उन्हाळ्यात लांबतो, दर अंशाला दिवसाचं अर्धं सेकंद जातं. म्हणजे वैशाखातलं घड्याळ पौषातल्यापेक्षा दिवसाला सात-आठ सेकंद सहज आळशी.

आणि जागा बदलली तरी फरक पडतो. १६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ बिघडलं नव्हतं. तिथे पृथ्वीची ओढच थोडी कमी आहे. वेळ मोजायला नेलेल्या यंत्राने पृथ्वीचा आकार सांगितला: ती विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे.

स्फटिकाचं थोडक्यात. त्याची थरथर सेकंदाला ३२,७६८ वेळा होते. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे, कारण तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो आणि चिपला मोजणं सोपं जातं. १९६९ च्या नाताळात जपानमध्ये स्फटिकावर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ विकायला आलं. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याही सीझियमच्या अणूवरून करतात: ९,१९,२६,३१,७७० कंपनं म्हणजे एक सेकंद. बरोबर चालतात हो ही सगळी, पण गोष्टीला त्यांत धरायला जागा नाही.

तुला जादूचं वाटेल असं एक घड्याळ प्रत्यक्षात होऊन गेलं आहे, ते मात्र घेऊ नकोस. जपानमध्ये १८७२ पर्यंत दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग करत. उन्हाळ्यात दिवसाचे भाग लांब, रात्रीचे आखूड, हिवाळ्यात उलट. त्यासाठी घड्याळांत दोन आडव्या दांड्या असत, एक दिवसाची आणि एक रात्रीची, आणि ऋतूप्रमाणे त्यांवरची वजनं आत-बाहेर सरकवत. तास ताणणारं घड्याळ म्हणजे जादू नव्हे, ते करून झालेलं आहे.

तर जादू कुठे घालायची? लीलावतीची कथा तुला माहीत आहे. भास्कराचार्यांनी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र बसवलं, ती वाकून बघत असताना तिचा एक मोती वाटीत पडला, भोकावर बसला, वाटी बुडलीच नाही आणि मुहूर्त टळून गेला. ही कथा भास्कराचार्यांनी लिहिलेली नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती'चं फारसी भाषांतर केलं, त्यात ती येते. मूळ ग्रंथ ११५० चा. पण यंत्र म्हणून कथा तपासून बघ. चार मिलिमीटरचा मोती सुमारे नव्वद मिलिग्रॅमचा. पाण्यात तो हलका होऊन साठ मिलिग्रॅमच्या आत येतो. भोकातून वर येणाऱ्या पाण्याचा रेटा पंधरा-वीस मिलिग्रॅमचा. म्हणजे मोती जागचा हलणार नाही, एवढं खरं. पण तांब्याची कड खरखरीत आणि मोती काटेकोर गोल नसतो, त्यामुळे पाणी झिरपत राहणार. वाटी थांबत नाही, नुसती मंदावते. दिसायला सगळं सुरळीत, म्हणूनच तर कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता तुझं घड्याळ. वाटी तीच, घंगाळ तेच, पण मोती काटेकोर गोल, एक थेंबही न झिरपू देणारा. तो भोकावर आहे तोवर ती घटिका संपत नाही. नियम तीनच ठेव. पहिला, घंगाळातल्या पाण्याने ज्यांनी हात ओले केले त्यांच्यापुरतीच ती घटिका लांबते, बाहेरचं जग तोवर थांबून राहतं. दुसरा, दिवसाच्या ६० घटिका चुकवायच्या नाहीत. जेवढं उसनं घेतलं तेवढं पुढच्या सूर्योदयाआधी परत, आणि ते त्यांच्याच झोपेतून कापलं जाणार. तिसरा, मोती काढताना वाटीला धक्का लागून पाणी आत आलं, तर तेवढी पळं कायमची गेली.

एवढं ठरवलंस की भानगडी आपोआप सुचतील. नायिकेच्या मनगटावर स्फटिकाचं घड्याळ असेल तर ते तिच्याबरोबर चालत राहणार आणि मोती काढल्यावर सगळ्या गावापेक्षा पुढे असणार. ती पकडली जाईल ती यावरूनच. तिला भूक लागेल, पण गॅसवरचं दूध उतू जाणार नाही, कारण गॅसने हात ओले केले नव्हते. दोघींनी हात ओले केले आणि एकीने मध्येच पुसले तर? मुंबईने असा घोळ खरोखर अनुभवला आहे. १९०६ मध्ये देशाची एक वेळ ठरली, पण मुंबईने आपली स्थानिक वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. ती देशाच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. एकाच शहरात दोन वेळा, दोन्ही बरोबर. तुझ्या त्या दोघींचं भांडण तिथून उचल.

जग थांबल्यावर प्रकाशाचं काय होतं, हा प्रश्न मात्र गोष्टीत कोणाला विचारू देऊ नकोस. त्याला उत्तर नाही आणि गोष्ट तिथेच बुडेल.

तुझी,
आई

ता. क. ०.८ चं ड्रिल फार नाजूक असतं, तांब्यात अडकून पटकन तुटतं. दोन जास्तीची आण, तेलाचा एक थेंब टाक आणि वाटीच्या आत लाकडाचा गोल ठोकळा धरून बाहेरून पाड. आतल्या कडेला आलेली कणी बारीक पॉलिश पेपरने काढ, नाहीतर पहिल्याच दिवशी तिथे कचरा अडकेल.