अंगठी कुठून आली?

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचून तीन आठवडे झाले. आईने फोनवर दोनदा विचारलं, "बाबांना उत्तर धाडलंस का?" फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकता आलं असतं, पण तुम्ही हाताने लिहून विचारलंत, तर उत्तरही तसंच द्यावं म्हणून थांबले. आज शाळेला सुट्टी आहे, वह्या तपासून झाल्या आहेत.

तुम्ही लिहिलंय, "वाङ्मयाच्या तासाला सिनेमे दाखवतेस, ऑपेरा ऐकवतेस, मग मुलं वाचतात केव्हा?"

बाबा, पहिल्या वर्षी नव्हतीच वाचत. नववीला 'रोमिओ अँड ज्युलिएट' होतं. चारशे वर्षांपूर्वीची भाषा, मुलं पहिल्याच पानावर अडखळली. मी घाबरले आणि बाझ लुहरमनचा १९९६ चा चित्रपट आधीच सलग दाखवून टाकला. परीक्षेत निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं की रोमिओ विष घेतो त्याच क्षणी ज्युलिएट डोळे उघडते आणि तो तिच्या डोळ्यांदेखत जातो. चित्रपटात तसंच आहे. शेक्सपिअरमध्ये नाही. तिथे तो गेल्यावरच तिला जाग येते. मी लाल शाईने सगळ्यांचे गुण कापले आणि घरी आल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण चूक मुलांची नव्हतीच.

पुढच्या तासाला मी तोच शेवटचा प्रवेश हातात घेतला. शेक्सपिअरच्या आधी दा पोर्तो आणि बांदेल्लो यांनी ही गोष्ट इटालियनमध्ये लिहिली, त्यात ज्युलिएट त्याचा जीव जाण्याआधी जागी होते. शेक्सपिअरने ज्यावरून नाटक रचलं त्या आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या इंग्रजी काव्यात तिला उशीर होतो, आणि शेक्सपिअरने तो उशीर राहू दिला. मग १७४८ मध्ये इंग्रज नट गॅरिकने नाटक रंगभूमीवर आणताना त्या दोघांना थडग्यात बोलायला वेळ दिला. १८६७ मध्ये फ्रेंच संगीतकार गुनोने आपल्या ऑपेरात त्यांना अख्खं द्वंद्वगीत दिलं. म्हणजे माझ्या वर्गाने जे लिहिलं तेच मोठमोठ्या माणसांनाही हवंसं वाटलं होतं. मग शेक्सपिअरने ती भेट का हुकवली? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "भेट झाली तर आपण रडून मोकळे होतो. तो आपल्याला मोकळं होऊ देत नाही." त्या तासाला पहिल्यांदा मुलांनी आपणहून पुस्तकं उघडली, पानं उलटून कोण कधी आत येतं, कोण कधी जातं ते शोधलं.

तेव्हा मला तुमचा प्रश्न आठवला. मी दहावीत होते. तुम्ही रोज रात्री शाकुंतल वाचून दाखवायचात आणि अर्थ सांगायचात. दुर्वासाचा शाप झाला, तिथे तुम्ही पुस्तक मिटून विचारलंत, "महाभारतात अंगठी आहे का गं?" मी म्हटलं, असणारच. तुम्ही काहीच बोलला नाहीत, आदिपर्व काढून माझ्यापुढे ठेवलंत आणि झोपायला गेलात. मी दोन रात्री वाचलं. अंगठी नाही, शापही नाही. राजाला सगळं लख्ख आठवतंय, तरी भर सभेत तो तिला ओळख देत नाही, आणि आकाशवाणी झाल्यावर म्हणतो, लोकांनी शंका घेऊ नये म्हणून तसं केलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "मग कालिदासाने अंगठी आणून कुणाला वाचवलं?" त्या एका प्रश्नाने मी मूळ गोष्ट जितकी बारकाईने वाचली तितकी कुठल्याच परीक्षेसाठी वाचली नाही. इथे मी तेच करते, बाबा. फक्त तुमच्याकडे दोन पुस्तकं होती, माझ्याकडे पडदा आणि ध्वनिवर्धक आहेत.

आता अकरावीबद्दल सांगते. त्यांना शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' आहे: कृष्णवर्णीय सेनापती ऑथेल्लोचे इयागो कान भरतो, हरवलेल्या हातरुमालाचा पुरावा करतो, आणि ऑथेल्लो संशयाने आपल्या बायकोला, डेस्डेमोनाला, मारतो. त्याच्या जोडीला मी इटालियन संगीतकार व्हर्दीचा त्यावरचा ऑपेरा 'ओतेल्लो' घेते. १८८७ मध्ये मिलानच्या ला स्कालामध्ये तो पहिल्यांदा झाला तेव्हा व्हर्दी ७३ वर्षांचा होता. संहिता आरिगो बोइतोची. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच का, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. थोडं तसं, पण आपल्याकडे संवाद बोलतात आणि पदं गातात. व्हर्दीच्या या ऑपेरात "दार लाव" असं सांगायचं तरी गाऊन. पहिल्या दिवशी मुलं हसतात. मी हसू देते. मग कथा न सांगता, पडदा बंद ठेवून, सुरुवातीचं वादळ मोठ्या आवाजात लावते, आणि हसणं आपोआप विरतं.

पहिलं काम एवढंच: शेक्सपिअरचं काय गेलं ते शोधा. गायला बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून बोइतोला कात्री लावणं भागच होतं. त्याने व्हेनिसचा अख्खा पहिला अंक उडवला. डेस्डेमोनाचे वडील गेले, व्हेनिसच्या सिनेटची सभा गेली, ऑथेल्लोने तिथे सांगितलेली आपल्या प्रेमाची हकीकतही गेली, असं मुलं लिहून टाकतात. मग मी ऑपेराच्या पहिल्या अंकाच्या शेवटचं त्या दोघांचं गीत लावते. कोणीतरी ओरडतं, "ही तर तीच वाक्यं!" मी सोसलेल्या संकटांसाठी तिने माझ्यावर प्रेम केलं, तिला माझी कणव आली म्हणून मी तिच्यावर, हे नाटकात ऑथेल्लो सभेपुढे एकटा सांगतो. ऑपेरात ते दोघं रात्रीच्या एकांतात एकमेकांना सांगतात. शब्द जवळजवळ तेच, पण तिकडे ती साक्ष आहे आणि इकडे प्रेम. हा फरक मी फळ्यावर लिहून दिला असता तर त्यांनी वहीत उतरवून घेतला असता, एवढंच.

वडिलांवरून मात्र यंदा वर्गात भांडण झालं. नाटकात डेस्डेमोनाचा बाप जाता जाता ऑथेल्लोला बजावतो, "हिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल." पुढे इयागो नेमकी तीच गोष्ट उकरून काढतो. ऑपेरात बापच नाही, तर ते वाक्यही नाही. एक मुलगी म्हणाली, इयागोच्या हातातलं निम्मं हत्यार काढून घेतलं. दुसरा म्हणाला, म्हणूनच तर बोइतोने त्याला दुसरं दिलं: दुसऱ्या अंकात इयागो एकटाच उभा राहून गातो की मी एका क्रूर देवावर विश्वास ठेवतो, त्यानेच मला असं घडवलं. शेक्सपिअरमध्ये असं काही नाही. तिथे तो आज एक कारण सांगतो, उद्या दुसरं, आणि शेवटी विचारलं तर तोंड उघडायलाच नकार देतो. कारण सांगणारा खलपुरुष जास्त भयंकर की न सांगणारा? तास संपला तरी मुलं उठेनात. मला वैयक्तिक विचाराल तर न सांगणारा. पण हे मी वर्गात बोलले नाही.

पहिल्या अंकाबरोबर आणखी एक गोष्ट जाते, आणि ती मी मुद्दाम वाचून घेते. ऑथेल्लोच्या रंगावरून इयागो, त्याचा साथीदार रॉडरिगो आणि तो बाप जे घाणेरडं बोलतात त्यातलं बरंचसं त्याच अंकात आहे. ते वगळलं की कथा नुसत्या मत्सराची होऊन बसते. शिवाय ऑपेरात ही भूमिका पिढ्यानपिढ्या गोरे गायक चेहरा काळा करून करत आले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 'ओतेल्लो'मधला तो रंग २०१५ मध्ये थांबवला. माझ्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं आहेत. त्यांच्यासमोर हा विषय टाळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. म्हणून १९९५ च्या चित्रपटातला लॉरेन्स फिशबर्नचा ऑथेल्लो आणि ऑपेरातला ओतेल्लो एकाच तासाला, एकाच प्रसंगात, शेजारी शेजारी दाखवते.

चित्रपट अख्खा मी आता कधीच दाखवत नाही. एकच प्रसंग, पण तीन वेळा. आधी मोठ्याने वाचायचा, मग आवाज बंद करून पाहायचा, मग चित्र झाकून ऐकायचा. झेफिरेल्लीने १९८६ मध्ये 'ओतेल्लो'चाच चित्रपट केला आणि त्यातून डेस्डेमोनाचं विलोच्या झाडाचं गाणं काढून टाकलं. मरणाच्या आदल्या घटकेला, आईच्या दासीकडून ऐकलेलं ते गाणं. मुलं भडकली होती. पत्रच लिहा दिग्दर्शकाला, म्हटलं. तुमचं म्हणणं नाटकातल्या ओळींनी सिद्ध करा. त्या पत्रांत मला या वर्षीचं सर्वांत चांगलं लेखन मिळालं.

या ऑपेराचा आणखी एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. तो इटालियनमध्ये आहे. वर्गात काही मुलं गेल्याच वर्षी दुसऱ्या देशांतून आलेली आहेत, इंग्रजी वाचताना मागे पडतात आणि गप्प बसतात. ऑपेराच्या तासाला सगळेच पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळींच्या भरवशावर. त्या दिवशी कोणीच मागे नसतं, आणि गप्प बसणारी मुलं आवाजाबद्दल फार नेमकं बोलतात.

'कार्मेन'बद्दल थोडक्यात. तो ऑपेरा बिझेने १८७५ मध्ये आणला तेव्हा मधले संवाद बोलायचेच होते, अगदी आपल्या संगीत नाटकासारखे. गाऊन म्हणायचे संवाद नंतर दुसऱ्याने घातले. मेरिमेच्या मूळ कथेत कार्मेन आपल्याला इतरांच्या तोंडूनच कळते: एक प्रवासी सांगतो, आणि फाशीची वाट पाहणारा तिचा मारेकरी सांगतो. ऑपेराने निवेदक काढला आणि तिला तिचा स्वतःचा आवाज मिळाला. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत खोसा भाषेत याचा चित्रपट झाला, तोही मुलांना आवडला.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'बिली बड' आहे. अमेरिकन लेखक मेलव्हिलची ही शेवटची कथा, त्याच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापली गेली. १७९७ सालची इंग्रजांची युद्धनौका. बिली हा निष्पाप खलाशी, पण मन भरून आलं की त्याची जीभ अडते. त्याच्यावर फितुरीचा खोटा आळ येतो, उत्तर देता येत नाही, हात उठतो, आणि आळ घेणारा अधिकारी एका ठोशात मरतो. मनातून बिलीला निर्दोष मानणारा कप्तान व्हिअर बंद दाराआड जाऊन त्याला फाशीची शिक्षा सांगतो. त्या खोलीत काय झालं? निवेदक म्हणतो, ते कधीच कळलं नाही.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने १९५१ मध्ये याचा ऑपेरा केला. तिथे रंगमंच रिकामा. कोणी गात नाही. वाद्यवृंद फक्त ३४ स्वरमेळ वाजवतो, एकामागून एक, संथ. कधी पितळी वाद्यं, कधी तंतुवाद्यं, कधी कानठळ्या बसवणारे, कधी जेमतेम ऐकू येणारे. मी मुलांना सांगितलं, प्रत्येक स्वरमेळाला एक शब्द लिहा. बहुतेकांचे कागद भरले. राग, भीती, क्षमा, आई, समुद्र. एका मुलाने पाचच शब्द लिहून पुढचा कागद कोरा ठेवला होता. विचारलं तर म्हणाला, "इथून पुढे ते बोलत नसावेत. नुसते बसले असावेत."

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा तासाआधी दारात उभा, पुस्तकात बोट घालून. एरवी दोन पानं वाचायची तरी कुरकुरणारा मुलगा. म्हणाला, "कळलं नाही म्हणून लेखक थांबत नाही. लगेच पुढे अंदाज करतो." आणि त्याने ती जागा दाखवली: व्हिअरने कदाचित बिलीला छातीशी धरलं असेल, बळी द्यायला निघालेल्या अब्राहमने आपल्या मुलाला धरलं असेल तसं. मी ती कथा किती वर्षं शिकवतेय. लेखक स्वतःच दार बंद करतो आणि पुढच्याच परिच्छेदात किलकिलं करतो, याकडे माझंही नीट लक्ष गेलं नव्हतं. त्याने ते पान रात्री घरी, कोणी सांगितलं नसताना, पुन्हा वाचलं होतं. बाबा, मुलं वाचतात ती अशी.

इथल्या एका बैठकीत मला सुनावण्यात आलं की हे सगळं वेळखाऊ आहे, यातून परीक्षेचे गुण वाढत नाहीत. वेळ लागतो हे खरंच आहे. तीन पुस्तकांऐवजी दोन होतात. मला ते चालतं, आणि तसं मी लिहूनही दिलं आहे.

आता माझं काम. पुढच्या सत्रात मला शाकुंतल घ्यायचं आहे. विल्यम जोन्सचं १७८९ चं भाषांतर, शेजारी एखादं नवं. शुबर्टने १८२० मध्ये शकुंतलेवर ऑपेरा लिहायला घेतला आणि अर्धाच सोडला; इटलीत अल्फानोचा १९२१ मध्ये झाला. आपल्याकडे किर्लोस्करांनी १८८० मध्ये त्यात पदं घातली, शांतारामबापूंनी १९४३ मध्ये चित्रपट केला. सुरुवात अर्थातच आदिपर्वापासून आणि तुमच्या प्रश्नापासून करणार आहे. 'ऑथेल्लो'त हातरुमाल हरवल्याने काय होतं ते या मुलांनी पाहिलंय, आता अंगठी हरवू दे.

अडलंय ते पाचव्या अंकात. राजा तिला खोटी ठरवतो आणि ती संतापून त्याला एकाच शब्दाने हाक मारते, "अणज्ज", अनार्य. तू आपल्या मनावरून दुसऱ्याला जोखतोस, असं पुढे म्हणते. इंग्रजीत जो शब्द ठेवावा तो एकतर शिवीसारखा वाटतो नाहीतर अगदी मिळमिळीत. त्या रात्री वाचताना तुम्ही याच शब्दापाशी थांबला होतात, आवाज बारीक केला होतात आणि त्याला मराठीत काहीतरी म्हणाला होतात. तो शब्द काही केल्या मला आठवत नाही. पुढच्या पत्रात तेवढा लिहून पाठवाल का? आणि जमलं तर, तेव्हा आवाज बारीक का केलात, तेही.

आईला नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
लेक