प्राण्यांचे उद्यान काढा, पण जिवंत प्राण्यांवाचून

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी पडली की पोरांना कुठे न्यायचे हा घरोघरचा प्रश्न. आमच्याकडे यंदा मुलाने आणि सुनेने तो आधीच सोडवून ठेवला होता. गोव्याबाहेर, गाडीने काही तासांच्या अंतरावर, प्राण्यांच्या कल्पनेवर उभारलेले एक मनोरंजन उद्यान आहे. नातवंडांनी मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहून सगळे पाठ करून टाकले होते. उद्यानाचे नाव देत नाही, कारण तसली उद्याने आता जागोजागी निघाली आहेत आणि मला सांगायचे आहे ते सगळ्यांनाच लागू पडते.

मी आयुष्यभर गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली. डॉक्टर म्हणून नव्हे, त्यांच्या हाताखाली. जनावर धरणे, जखमा धुणे, खूर तासणे, अडलेली म्हैस सोडवायला रात्री-अपरात्री गोठ्यात उभे राहणे हे माझे काम. जनावर दिसले की आधी डोळे, मग नाक, मग पाय बघायचे ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखर चांगले होते. फाटकातून आत गेल्याबरोबर जिराफाच्या मानेवरून उतरणारी घसरगुंडी, मगरीच्या जबड्यातून शिरायचा बोगदा, कासवाच्या पाठीवर बसायची जागा असलेली छोटी आगगाडी. सगळे फायबरचे. सर्वांत गर्दी होती ती पाणघोड्याजवळ. त्याच्या उघड्या तोंडात एक मोठी बादली बसवलेली. तिच्यात पाणी भरत राहते आणि भरली की तोल जाऊन ती उपडी होते. खाली उभ्या असलेल्या मुलांवर सगळे पाणी एकदम कोसळते. बादली कलू लागली की मुलांचा गलका सुरू होतो, आणि पाणी पडून गेले की क्षणभर कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. आमचा पहिलीतला नातू दात वाजायला लागले तरी तिथून हलेना. माझ्या बायकोला गुडघ्यांचा त्रास, तरी ती कासवाच्या गाडीतून फेरी मारून आली आणि आल्यावर म्हणाली, "आता तुम्ही बसा, मी पिशव्या सांभाळते." तिकिटाचे पैसे वसूल झाले असे मला त्या पाणघोड्यापाशीच वाटले होते.

जेवण झाल्यावर आम्ही पलीकडच्या भागात गेलो. तिथे जिवंत प्राणी होते आणि त्यांचे तिकीट वेगळे होते. पोपट खांद्यावर घेऊन फोटो, अजगर गळ्यात घालून फोटो, सशाला मांडीवर घेणे, तट्टावरून फेरी.

पोपट म्हणजे दक्षिण अमेरिकेतला मोठा निळा-पिवळा मकाव. डोके आणि मान पिसांनी भरलेली, छाती आणि पोट मात्र उघडे, गुलाबी कातडी दिसत होती. सांभाळणारा म्हणाला की पिसे गळायचा मोसम आहे. मोसमात गळणारी पिसे अंगभर थोडी थोडी गळतात आणि त्यांच्या जागी नवी येत असतात. जिथवर चोच पोचते तिथवरच पक्षी उघडा आणि जिथे पोचत नाही तिथे पिसे जागच्या जागी, याचा अर्थ तो स्वतःच उपटतो आहे. बंदिवासात एकटा पडलेला किंवा सतत हाताळला जाणारा पोपट असे करतो. पंखांची टोकेही कापलेली होती, म्हणजे उडण्याचा प्रश्नच मिटला. हा पक्षी पन्नास वर्षेसुद्धा जगतो.

तट्टाजवळ गेलो तेव्हा त्याचे पुढचे खूर लांब वाढलेले दिसले. घोड्याचे खूर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात, नाहीतर सगळा भार टाचेवर येतो आणि पायाच्या शिरा ताणल्या जातात. मी पोऱ्याला विचारून खोगीर जरासे सरकवले. तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली, कोपराच्या मागे, रुपयाएवढी ओली जखम. त्या मुलाला मी काही बोललो नाही. तो पगारी माणूस, आणि तट्टाला पाणी पाजताना मी त्याला पाहिले होते, माया होती त्याच्या हातात. जखम झाली म्हणून त्या दिवशी तट्टू बाहेर काढायचे नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

ससा आमच्या पाचवीतल्या नातीच्या मांडीवर आला. "आबा, बघा किती शांत बसलाय," ती हळूच म्हणाली. ससा अंग चोरून बसला होता, कान पाठीला चिकटलेले, डोळे ताणलेले, नाकपुड्या भराभर हलत होत्या. सशाला पळता येत नसेल तर तो निपचित बसतो. ती भीती असते, आणि बघणाऱ्याला ती गरीब स्वभाव वाटते. घाबरून त्याने एकदम मागचे पाय झाडले तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो, इतकी त्याची हाडे नाजूक. हे मी तिला तिच्या भाषेत सांगितले. तिने दोन्ही हातांनी त्याला सावकाश उचलून परत टोपलीत ठेवले आणि म्हणाली, "मग आपण पाणघोड्याकडेच जाऊया." आम्ही गेलो, आणि अंधार पडेपर्यंत दोघे भाऊबहीण तिथेच भिजत होती.

मला जे म्हणायचे आहे ते तिने तिथल्या तिथे करून दाखवले. मुलांना हवा असतो आनंद, आकार, पाणी, उंची, धमाल. त्यासाठी जिवंत जनावर राबवायची गरज नाही.

कायदा नाही असेही नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याखाली २००१ साली नियम झाले. त्यांनुसार लोकांच्या करमणुकीसाठी वापरायच्या प्राण्याची नोंदणी करावी लागते. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळांसाठी शिकवायला आणि त्यांचे खेळ दाखवायला १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढे २०११ साली त्या यादीत बैलही आला. आमच्या लहानपणी सर्कशीत सिंह असायचे, आज नसतात, आणि सर्कस बघायला गेलेला कोणताही मुलगा त्यासाठी रडताना मी पाहिलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मकावसारखे परदेशी जीव बाळगणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची झाली, तिचे नियम २०२४ मध्ये आले. आपल्याकडचा साधा हिरवा पोपट तर पिंजऱ्यात ठेवणेच गुन्हा आहे, आणि आपला भारतीय अजगर या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहे. मी तिथे नोंदणीचा कागद बघायला मागितला. तो कार्यालयात आहे आणि कार्यालय रविवारी बंद असते, असे उत्तर मिळाले. जिथे फोटोचे दर एवढ्या मोठ्या अक्षरांत लावता येतात, तिथे नोंदणीचा दाखला आणि पशुवैद्याने प्राणी शेवटचे कधी तपासले ती तारीख लावायला काय हरकत आहे? पालकांनी एवढे तरी खिडकीवर विचारायला लागावे. विचारणारे वाढले की कागदही भिंतीवर येतात.

आता गोव्याबद्दल. असे उद्यान आपल्याकडेही हवे असे पुष्कळांना वाटते, आणि त्या इच्छेत मला काही गैर दिसत नाही. पावसाळा संपला की पर्यटक येतात ते समुद्राकडेच धावतात, आणि आपल्या मुलांनाही मॉलशिवाय कुठे जायचे ते सुचत नाही. पण ते उद्यान आपल्या पद्धतीचे व्हावे, आणि आपली पद्धत आपल्या डोळ्यांसमोर आहे.

आमच्या डिचोलीत आणि सत्तरीत शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोड्याचा साज बांधलेला, डोक्याला फेटा, हातात तलवार, ढोल-ताशाच्या तालावर माणूसच घोडा होतो आणि माणूसच स्वार. टाप पडते ती माणसाच्या पायाची. लहान मुले पुढे बसून डोळे फाडून बघतात. पिढ्यानपिढ्या हे चालले आहे आणि त्यात घोड्याला कधी लगाम लागलेला नाही.

शिगम्याच्या मिरवणुकीतले चित्ररथ तर सगळ्या गोव्याने पाहिले आहेत. फोंड्याला, म्हापशाला, पणजीला रात्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे दाटलेली असतात आणि मधून फणा काढणारा शेषनाग येतो, कान हलवणारा हत्ती येतो, जबडा उघडणारा वाघ येतो. लोखंडी सांगाडा, बांबू, फोम, कापड, एखादी मोटर, दोऱ्या आणि आत दडून बसलेला गावातला पोरगा. हेच हात दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर उभे करतात, आणि त्यांच्यातलेच कितीतरी चवथीआधी चित्रशाळेत मातीचे गणपती घडवायला बसलेले असतात. हे कसब वर्षातले काही आठवडे वापरले जाते. चित्ररथ मिरवून झाला की मोडतात, सांगाडा कुणाच्या तरी परसात गंजत पडतो, आणि तो बनवणारा पोरगा कारखान्यात कंत्राटावर कामाला जातो.

केरळात यांत्रिक हत्ती आला तो याच विचाराने. त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिळ्ळी श्रीकृष्ण मंदिरात २०२३ साली विधींसाठी तो आणला. लोखंडी सांगाडा, वरून रबर, वजन सुमारे ८०० किलो, आणि डोके, डोळे, कान, सोंड, शेपूट सगळे हलते. जिथे हत्तीशिवाय उत्सवाची कल्पना करवत नाही तिथे देवळाने हे स्वीकारले. आपल्याला तर एवढे अवघडही नाही, आपले कारागीर घरचेच आहेत.

आणि प्राणी आपल्याच रानातले घ्यावेत. माझ्या नातवाला झेब्रा आणि जिराफ ओळखता येतात. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, पण चित्रात दाखवला तर तो "रेडा" म्हणाला. आपल्याकडे खवले मांजर आहे, जे भ्याले की अंगाचे वेटोळे करते आणि वरून फक्त खवले उरतात. मुलाने आत शिरून बसावे आणि खवल्यांचे झाकण मिटावे, असा खेळ त्याचा होऊ शकतो. शेकरू आहे, या झाडावरून त्या झाडावर लांब उडी घेणारी. तिच्यासाठी दोरीवरून घसरत जायचा खेळ. आणि धनेश पक्षी. त्याची मादी झाडाच्या ढोलीत अंडी घालायला बसते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर बाहेरून त्या फटीतून तिला आणि पुढे पिलांना फळे भरवत राहतो. एवढी मोठी ढोली बनवली, तिच्या फटीतून मुलांनी लाकडी फळे आत टाकली आणि आतून चोच पुढे आली, तर ते मूल धनेशाला जन्मभर विसरणार नाही. खऱ्या धनेशाला कुणी हातही लावलेला नसेल.

मुलांना जिवंत प्राण्याचा स्पर्श हवा, असे माझी सून म्हणते, आणि तिचे म्हणणे मला पटते. पण त्यासाठी गोठा आहे. सत्तरीत, डिचोलीत, सांग्यात, केप्यात अजून दुधाची गुरे पाळणारी घरे आहेत. वासरू स्वतःहून जवळ येते, हात चाटते, कंटाळले की निघून जाते. त्याला जाता येते हे महत्त्वाचे. फोटोसाठी बांधलेल्या प्राण्याला जाता येत नाही. सुट्टीच्या दिवसांत असे गोठे शहरातल्या मुलांसाठी उघडे ठेवले, थोडे पैसे घेतले, पोरांना शेण काढायला आणि चारा टाकायला लावले, तर दुधाच्या भावावर जगणाऱ्या शेतकऱ्यालाही दोन पैसे मिळतील. रानटी प्राणी बघायचे तर बोंडल्याला जावे. आठ चौरस किलोमीटरचे लहानसे अभयारण्य, आतच प्राणिसंग्रहालय, भोवती झाडी. तिथे मात्र काचेवर टकटक करू नये, वेफर्स टाकू नयेत, ओरडून प्राण्याला उठवू नये. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला छेडणे आणि खायला घालणे यावर वन्यजीव कायद्यातच बंदी आहे, हे शाळेच्या सहलीबरोबर जाणाऱ्या शिक्षकांनी बसमध्येच सांगावे.

माझी मागणी फार मोठी नाही. कुठल्याही सरकारी योजनेची वाट न पाहता एखाद्या पंचायतीने किंवा नगरपालिकेने सुरुवात करावी. पुढच्या शिगम्यानंतर चित्ररथ मोडायला काढतील तेव्हा त्यांतले हलते प्राणी मंडळांकडून विकत घ्यावेत, पावसाआधी छपराखाली ठेवावेत, बनवणाऱ्या मुलांनाच त्यांची देखभाल पगारावर द्यावी आणि जवळच्या बागेत मुलांसाठी मांडावेत. खेळाखाली मुलाने चढल्यावर किती भार येतो, कडा कुठे बोथट करायच्या, वीज कशी बंदिस्त करायची हे तपासायला फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी आनंदाने येतील, असा माझा विश्वास आहे. प्राण्यांची अंगकाठी, चाल, खूर कसा पडतो, कान केव्हा हलतो हे सांगायला कुणी लागला तर मी येईन. त्यासाठी मला मानधन नको.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यकीय कर्मचारी
डिचोली, गोवा