पाणमांजराला आधी कोरडी जमीन द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकला स्वतःचे प्राणिसंग्रहालय असावे, हा विषय उन्हाळ्याच्या सुट्टीत हमखास निघतो. मग कुणीतरी मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ दाखवतो : काचेपलीकडे निळेशार पाणी आणि त्यात सुळकांड्या मारणारी दक्षिण अमेरिकेतली महाकाय पाणमांजरे. 'आपल्याकडे हेच करायला हवे!' पाटबंधाऱ्याच्या कामात हयात गेल्यामुळे असेल, पण माझी नजर त्यात तळ्याच्या काठाकडे जाते. काठ बहुतेक वेळा सिमेंटचा आणि ओला असतो.

हा प्राणी शेपटीसह १.७ मीटरपर्यंत वाढतो, वजन ३० किलोच्या घरात. मासे पाण्यात पकडतो खरे, पण त्याचा संसार काठावरच. ॲमेझॉनच्या खोऱ्यात ही कुटुंबे काठावरची झुडपे तुडवून अंगणाएवढी जागा मोकळी करतात, तिथेच बिळे खणतात, विष्ठेची जागाही तिथेच ठरवतात. पाण्यातून बाहेर आले की कोरड्या मातीत पाठ घासत लोळायचे, मान-पोट रगडायचे, हा क्रम कधी चुकत नाही. अंगावर चरबीचा जाड थर नाही. ऊब राखते ती दाट लव, आणि ती नीट सुकली नाही तर काम करत नाही. सतत ओल्या कोब्यावर ठेवले तर पायाचे तळवे सोलवटतात, जखमा होतात. म्हणूनच हा प्राणी सांभाळणारे जाणकार पाण्यापेक्षा जमीन जास्त ठेवायला सांगतात.

ती जमीनही साधी नको. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते. ती खणून काढल्याशिवाय गत्यंतर नाही. खाली खडी, त्यात निचऱ्याचे पाइप, वर वाळू, मऊ माती आणि झाडाच्या सालीचा चुरा, तोही उकरता येईल इतका जाड. काठाजवळचा उतार तळ्याकडेच हवा, म्हणजे अंगावरून निथळलेले पाणी आत मुरणार नाही. पावसाळ्यासाठी निम्म्या जागेवर तरी छप्पर हवे. मोठे जनावर दिवसाला तीन-चार किलो मासे खाते, तेव्हा पाणी गाळण्याची यंत्रणा आलीच. त्यावर वेगळे लिहायला नको.

खरी परीक्षा पिल्लांच्या वेळी. मादीला माणसांची वर्दळ जाणवली की ती पिल्ले तोंडात धरून इकडून तिकडे हलवत राहते, दूध आटते आणि पिल्ले दगावतात. तिला बाळंतिणीची खोली लागते : अंधारी, कोरडी, आवाजापासून दूर, एकाऐवजी दोन-तीन, म्हणजे निवड तिची राहील. आत डोकावायचे ते फक्त कॅमेऱ्यातून. नराला वेगळे काढायचे नाही, कारण पिल्ले वाढवण्यात बाप आणि थोरली भावंडे दोघांचाही हात असतो. तेवढे दिवस प्रेक्षकांना बाहेरच थांबवावे लागेल, आणि तिकीट काढलेल्या माणसाला हे पटवणे मला तरी बांधकामापेक्षा अवघड वाटते.

शिवाय आपली थंडी. निफाडचा पारा कुठवर उतरतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. उष्ण प्रदेशातल्या या जनावराला इथे रात्री उबदार बंद खोल्या लागतील.

एवढा खटाटोप करायचाच असेल तर परदेशी पाहुण्याऐवजी आपल्याच नद्यांतल्या पाणमांजरासाठी का करू नये? तेही कुटुंबाने राहते, त्यालाही काठ लागतो. नव्या प्राणिसंग्रहालयाला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागतेच. कधी काळी नाशिकचा तसा प्रस्ताव गेलाच, तर त्याच्या अंदाजपत्रकात निचरा, वाळू आणि पिल्लांच्या खोल्यांची रक्कम आधी धरावी, आणि उरले तर काचेला द्यावे.

आपला,
एक निवृत्त अभियंता, नाशिक