नोबेल मिळाले, नोट्स जुन्याच

संपादक महोदय,

नात बारावीला आहे. परवा तिच्या क्लासच्या झेरॉक्स नोट्स चाळत होतो. एका वाक्याखाली लाल पेनाने दोनदा रेघ: 'प्रथिने न बनवणारा डीएनए म्हणजे जंक.' जंक म्हणजे भंगार; हे नाव १९७२ पासून रूढ. नोकरीत असताना मीही तेच शिकवले, कबूल!

माणसाच्या जनुकसंचाचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिनांची कृती सांगतो. उरलेला सगळाच कामाचा आहे असे नव्हे, तो वाद चालू आहे. पण त्यातून निघणारे काही आरएनए, म्हणजे डीएनएच्या तुकड्यांवरून उतरवलेल्या प्रती, स्वतः प्रथिन न बनवता इतर जनुकांना आवर घालतात. १९९३ मध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस यांना मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत असा एक सापडला, अवघ्या २२ रासायनिक अक्षरांचा. तो प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि प्रथिन बनणे अडते, हे त्यांनी आणि गॅरी रव्हकुन यांनी उलगडले. २०२४ चे वैद्यकाचे नोबेल या दोघांना मिळाले.

क्लासवाल्यांना फोन केला. "काका, परीक्षेला येत नाही ते." फी मात्र यंदाही वाढली.

शिवाजी विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने एखाद्या रविवारी बारावीच्या पोरांना तासभर हे समजावून सांगावे. नातीला मी घेऊन येईन.

– एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर