'नाही' मात्र दोन भाषांत मिळालं!

मा. शिक्षणमंत्री,
वेल्स सरकार, कार्डिफ

स.न.वि.वि.

आपल्याला इंग्रजीत लिहून झालं, मोडक्यातोडक्या वेल्शमध्येही लिहून झालं. आता मराठीत लिहिते. आपल्याला कळणार नाही, पण निदान माझ्या माणसांना तरी कळेल.

माझी मुलगी प्राथमिक शाळेत वेल्श माध्यमात शिकली. 'पुढेही वेल्श माध्यमच घ्या, बस आमची,' असं शाळाभेटीच्या दिवशी हसतमुखाने सांगण्यात आलं. आता पत्र आलंय: घराजवळ इंग्रजी माध्यमाची 'योग्य' शाळा असल्याने मोफत बस मिळणार नाही. योग्य कुणासाठी? कायद्यात वेल्श माध्यमाला 'प्रोत्साहन द्यावं' असं लिहिलंय म्हणे. प्रोत्साहनाला चाकं नसतात, साहेब.

आणि हे पत्र दोन भाषांत आहे. आधी वेल्श, मग इंग्रजी. शुद्धलेखनाची एक चूक नाही!

या दोन भाषांसाठी वेल्समधल्या लँगेनेख गावच्या ट्रेव्होर आणि आयलीन बीझलींनी १९५२ पासून आठ वर्षं काढली. ट्रेव्होर कोळसा खाणीत कामाला. घरपट्टीची मागणी वेल्शमध्ये द्या, मगच भरू, एवढंच त्यांचं म्हणणं. डझनाहून जास्त वेळा कोर्टात उभं केलं, बेलिफांनी घरातलं सामान उचललं, पियानोसुद्धा नेला. १९६० साली कुठे दोन भाषांतला कागद हातात पडला. १९६२ मध्ये वेल्श लेखक सॉन्डर्स लुईसने रेडिओवरच्या भाषणात याच जोडप्याचं उदाहरण दिलं आणि त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना उभी राहिली. त्या माणसांनी एवढं सोसलं, ते तुम्ही नकार नीट छापावा म्हणून?

मी नर्स आहे. सकाळची ड्यूटी सातला. मुलीला दोन बस बदलून एकटी पाठवायची, की ड्यूटी बदलून पगार कापून घ्यायचा? मागच्या आठवड्यात बस आलीच नाही, पोर पावसात उभी. टॅक्सीचा हिशेब केला तर महिन्याच्या घरभाड्याचा मोठा लचका जातो. नवरा म्हणतो, घाल जवळच्या शाळेत, काय बिघडतं. हेच तर तुम्हाला हवंय! आमच्यासारखे थकले की तुमच्या अहवालात 'पालकांची मागणी घटली' असं वाक्य येणार. आमच्या गावची मराठी शाळा अशीच 'पटसंख्येअभावी' बंद झाली होती, तेव्हा ही चाल मी ओळखते.

त्रवेरिनचं खोरं आठवतं ना? लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून १९५७ साली लंडनच्या संसदेने तिथे धरण बांधायचा कायदा केला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही, तरी कापेल केलिन गाव बुडालं, शाळा आणि प्रार्थनाघरासकट. १९६५ ला धरणाचं उद्घाटनही झालं. तेव्हा बोट दाखवायला लंडन होतं. आता शिक्षणखातं कार्डिफमध्ये आहे, मंत्री तुम्ही आहात. आता बोट कुणाकडे दाखवणार? स्थानिक कौन्सिल म्हणतं पैसे सरकार देत नाही, सरकार म्हणतं निर्णय कौन्सिलचा. मधल्या मध्ये अकरा वर्षांची पोर बस थांब्यावर.

वेल्समधल्याच लनेल्ली शहरात १९४७ सालीच, महायुद्ध संपून दोन वर्षं होत नाहीत तोवर, सरकारी खर्चाने वेल्श शाळा उघडली होती. तेव्हा रेशन होतं, कोळशाचा तुटवडा होता. तेव्हा जमलं. आता २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे करायचेत तुम्हाला. १९५१ च्या जनगणनेत शंभरात २९ वेल्श बोलत, २०२१ मध्ये १८ सुद्धा नाहीत. दहा लाख आणणार कुठून? पोस्टरवरून? माझी मुलगी त्यातली एक होती, जिच्या घरात वेल्शचा गंध नव्हता. तिला तुम्ही बसच्या भाड्यापायी सोडताय.

सप्टेंबरच्या आत बस द्या. सगळ्याच मुलांना द्या, माझ्या एकटीला नको. नाहीतर यंदाचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे आजची घरपट्टी, मी भरणार नाही. बेलिफांना आगाऊ सांगून ठेवा, माझ्याकडे पियानो नाही. सोफा आहे, आणि मिक्सर. मिक्सरचं भांडं गळतं.

आपली,
(अजून तरी) करदाती