काकूंची शिकरण

न्यूयॉर्क, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

दिवाळीच्या पत्राला आता उत्तर देतोय. काय शिव्या घालायच्या त्या एकदाच घालून घे. तब्येत ठीक. शुगर औषधावर, गुडघा देवावर.

काल पोराने फेरीबोटीतून फिरवून आणलं. ब्रॉन्क्सकडून येताना नदीत एक बेट लागलं. नुसती झाडी आणि आत पडक्या विटांच्या भिंती. "टायफॉइड मेरीला इथंच ठेवलं होतं," पोरगा सहज म्हणाला. बाळ्या, मला एकदम काकू आठवल्या. मेसच्या.

रात्री वाचत बसलो. मेरी मॅलन, आयर्लंडहून आलेली स्वयंपाकीण. 1906 च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे या गावी एका बँकरच्या घरी होती, तिथे 11 पैकी 6 जणांना टायफॉइड. सोपर नावाचा सॅनिटरी इंजिनिअर माग काढत तिच्या स्वयंपाकघरात पोचला आणि म्हणाला, रक्त, लघवी, शौच तपासायला दे. पहिल्याच भेटीत! ती मांस कापायचा लांब काटा घेऊन अंगावर धावली. मी तर लाटणं फेकलं असतं. 1907 मध्ये डॉ. जोसेफिन बेकर पोलीस घेऊन आल्या. मेरी लपली होती, दारात अडकलेल्या झग्याच्या टोकावरून सापडली. अँब्युलन्समध्ये डॉक्टरीणबाई तिच्या अंगावर बसून गेल्या म्हणे.

मेरीचं म्हणणं एकच: मी कधी आजारीच पडले नाही, तर रोग देईन कुठून? आणि जंतू बसलेले पित्ताशयात. तिथून शौचावाटे हाताला, हातातून अन्नाला. गरम शिजलेल्यात ते मरतात, म्हणून सोपरचा संशय पीचचे कच्चे तुकडे घातलेल्या आइस्क्रीमवर. हे वाचलं आणि काकूच समोर आल्या. बांगड्या वर सरकवून घमेल्यात केळी कुस्करताहेत. "उभ्या जन्मात मला ताप नाही रे आला," असं रेक्टरसमोर म्हणाल्या तेव्हा आपण मागे उभे राहून हसलो होतो.

नऊ पोरं अंथरुणाला होती, हेही खरंच. तू म्हणत होतास, आधी तपासा, मग काढा. मी म्हणालो, तपासणीचे पैसे तुझा बाप देणार का? काकूंना काढायचा अर्ज माझा, अक्षर तुझं (माझं वाचलं कोणी असतं?). मग दोन महिने तू बोलला नाहीस, ड्रॉइंगच्या शीटही दिल्या नाहीस. एटीकेटी लागली ती त्याचीच.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. तीन वर्षांनी सांगलीत एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये काकू दिसल्या. ओळखलं त्यांनी. अर्ज कोणाचा हे त्यांना माहीतच नव्हतं रे. वाटीभर शिकरण आणून ठेवली, म्हणाल्या, "तुला आवडायची." मी पोट बिघडलंय म्हणून नुसता चहा घेतला. उकळलेला असतो ना. आणि निघालो. कोणाला बोललो नाही. बाहेर बाकावर बाळंतिणींचे नातेवाईक डबे घेऊन बसले होते.

मेरीला 1910 मध्ये सोडलं, पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर. कपडे धुऊन पोट भरेना. 1915 मध्ये सापडली ती नाव बदलून, मिसेस ब्राऊन म्हणून, एका प्रसूतिरुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. 25 जण आजारी, दोन दगावले. परत बेटावर, ती 1938 मध्ये मरेपर्यंत. तोवर शहराला असे धडधाकट वाहक 400 च्या वर माहीत होते. जन्मभर डांबली ती एकटी. तिचा राग येतो, आणि राग येतोय याचाही राग येतो.

काकूंची तर शौचतपासणीसुद्धा झाली नाही. जंतू नसतील तर पोटावर पाय दिला आपण. असतील तर मी वाटी सरकवून गप्प निघून आलो. दोन्हीत मीच. तू नेहमीसारखा सुटलास, लेका.

तुझं रंगकाम संपलं का? सूनबाईंची बदली झाली ऐकलं, बरं झालं. वहिनींना नमस्कार. पेन्शनच्या फाइलचं कळव.

आणि काकूंचं आडनाव काय रे? कालपासून आठवतोय. अर्जात आपण नुसतं "मेसवाल्या बाई" लिहिलं होतं.

तुझा,
अव्या