राणबाच्या बापाचं नाव

दहिवडी

प्रिय सुऱ्या,

तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात, गुडघ्याचं तेच रडगाणं. ते राहू दे.

पंढरपुरात वही सापडली. आमच्या उपाध्यायांकडं माणदेशातल्या गावांच्या वह्या वेगळ्या बांधून ठेवल्यात, त्यातल्या एकीत आमच्या मूळपुरुषाची, राणबाची, नोंद निघाली. त्यानं स्वतः तोंडानं सांगितलेली. घरात अजून कुणाला बोललो नाही, तात्यांना तर नाहीच. तुला आधी लिहितोय, कारण यावर बोलायचं की गप्प बसायचं, हे विचारण्याजोगा माणूस मला तूच आहेस. का, ते तुला माहीत आहे.

झालं असं, की धाकट्याच्या पोराला कुणबी दाखला काढायचाय. २०२३ साली कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि जुनी मोडी दप्तरं उघडली गेली, तेव्हा आमच्या भावकीतल्या एकाची मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये सापडली, पुढं स्पष्ट ‘कुणबी’. तो माणूस मालूचा सख्खा भाऊ. म्हणजे आमचा राणबा मालूचा मुलगा असल्याचं कागदावर दाखवलं की काम झालं. वंशावळ लिहायची, प्रतिज्ञापत्र करायचं, खाली सही माझी. तात्या म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आणि तू मास्तर, तूच लिही. मी लिहायला बसलो आणि राणबाच्या वरच्या चौकटीत अडकलो, तो अजून तिथंच आहे.

आजी आठवते ना तुला? ताटात तुकडा टाकला की म्हणायची, “आपलं घर तळ्यावनं आलंया, पोरांनो, तुकडा टाकू नगा.” तू एकदा विचारलंस, कुठल्या तळ्यावनं, तर तुझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी पडली आणि तू प्रश्न विसरलास. (भाकरीपुढं तुला कधीच काही सुचलं नाही. नववीच्या सहलीत माझा डबा तूच संपवलास. मी विसरलेलो नाही.) आपल्याला वाटायचं, तळं म्हणजे राजेवाडीचा तलाव, आपण पोहायला जायचो तो. बरोबरच होतं, फक्त त्यात काय भरलंय ते माहीत नव्हतं.

तो तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. ७६ ला पाऊस गेला, आणि आपल्याकडं सगळी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर, तीही गेली. माणसं गावंच्या गावं उठून मातीच्या कामावर आली, बायापोरांसकट. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल आला आणि मजुरी माणसी पौंडभर धान्याच्या बेतावर उतरवली. माती वाहणाऱ्या गड्याला दिवसाला पौंडभर! हजारोंनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं अर्जामागून अर्ज केले. आपल्याला शाळेत हे चार ओळींत उरकलं होतं. आता त्या भरावावर उभा राहिलो की एकेका पाटीकडं बघावंसं वाटतं, ही कोणी टाकली असेल.

राणबा तेव्हा तीन-चार वर्षांचा.

आता कागद सांगतो. हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. आपल्या गावाचे पहिले फेरफार त्यानंतरचे, आणि त्यात स्वच्छ आहे : राणबा बिन मालू, म्हणजे मालूचा मुलगा, वारसानं. तात्यांचा सगळा जोर यावर. सरकारी कागद आहे, शिक्का आहे, तुला आणखी काय पाहिजे?

पण हेळवी, आपल्या घराण्यांच्या वंशावळी म्हणणारा, काय वाचतो ते तात्यांनी कधी कान देऊन ऐकलेलं नाही. सुगी झाली की तो बैल घेऊन येतो, अंगणात बसून वही काढतो, आणि आपण सगळे पोतं आणायच्या गडबडीत असतो. या खेपेला मी त्याच्यासमोर बसून राहिलो. मालूच्या भावाची वेल तो पाच पिढ्या सलग म्हणाला. मालूपाशी येऊन थांबला : पोटी संतान नाही. मग श्वास घेऊन आमची वेल सुरू केली, ती थेट राणबापासून. मी विचारलं, राणबाचा बाप? म्हणाला, “मास्तर, आमच्या वहीत जे हाय ते म्हनतो. नाय ते कसं म्हनू?” त्याच्या आज्यानंही असंच म्हटलं असणार, आणि आमच्या आज्यानं ऐकून पायली घातली असणार.

आणि मग कर्जाचा रोखा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या पावत्यांच्या खाली. तुला मोडीचं काही आठवत नसेल. आधी लांबच्या लांब रेघ ओढायची आणि खाली अक्षरं टांगत जायची, शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. साताऱ्याच्या एका मोडीवाचकाकडं नेला, मग शंका नको म्हणून पुण्याला दुसऱ्याकडं. दोघांनी वेगवेगळं बसून तेच वाचलं.

सुप्याला १८७५ मध्ये सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर १८७९ चा शेतकऱ्यांचा कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. त्यानं शेतकऱ्याचा रोखा गावच्या रजिस्ट्रारसमोर झाल्याशिवाय चालेना. म्हणून हा कागद इतका व्यवस्थित आहे. स्टँपावर व्हिक्टोरिया. लिहून देणार तुळसा कोम मालू मयत, म्हणजे मालूची विधवा. एक बैल आणि बियाण्यासाठी कर्ज. आणि त्याच ओळीत पुढं : राणू बिन खंडू, अज्ञान (म्हणजे वयानं लहान), यासी पालन करणार सदर तुळसा. खाली उजवीकडं निशाणी बांगडीची. पुरुषांची नांगराची असते, बाईची बांगडी, हे मी वर्गात कितीदा सांगितलंय. पण हे वर्तुळ हातानं काढलेलं आहे. बोरू एका जागी थांबला, तिथं शाईचा ठिपका मोठा झालाय, आणि दोन्ही टोकं एकमेकांना भेटलेली नाहीत. मी ते भिंगातून इतका वेळ बघत बसलो की सूनबाई चहा ठेवून गेली ते कळलं नाही.

खंडू कोण, सुऱ्या?

एक शक्यता साधी. तुळसाचा मालूशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागला असेल, खंडू तिचा पहिला नवरा, राणबा त्याच्यापासूनचा, आईबरोबर आलेला. आपल्याकडं पाट काय नवलाचा नव्हता. पण मग रोख्यात ‘आई’ का नाही लिहिलं? सख्ख्या आईला कोणता लिहिणारा नुसतं ‘पालन करणार’ म्हणेल? दुसरी शक्यता आजीच्या वाक्यातली. तळ्याच्या कामावर कोण्या खंडूचं पोर मागं राहिलं, आणि तुळसानं उचललं. बापाचं नाव कुणाला तरी माहीत होतं, किंवा पोरानंच सांगितलं, तेवढंच त्याच्याबरोबर आलं.

मी वकील पाटलांना विचारलं, मग दत्तक का नाही घेतलं? मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याच्या परवानगीवाचून दत्तक घेता येत असे, बंगाल-मद्रासकडं तसं नव्हतं. ते म्हणाले, मास्तर, घेता येत होतं, पण देणारा लागतो. जुन्या हिंदू कायद्यात मूल देण्याचा हक्क फक्त आईबापाचा. अनाथाला देणार कोण? म्हणजे जो खरंच उघडा पडलाय त्यालाच पदरात घ्यायला कायद्यात वाट नव्हती. आणि पाटाबरोबर आलेला म्हणावा, तर तो दुसऱ्या नवऱ्याचा वारस होत नाही. कुठूनही गेलास तरी मालूच्या जमिनीवर राणबाचा हक्क शून्य. तरी ती त्याच्या नावे झाली. मालूचा भाऊ जिवंत होता, त्यानं हरकत घेतली असती तर एका दिवसात संपलं असतं. फेरफारावर हरकतीचा शेराच नाही. तो गप्प राहिला. सगळं गाव गप्प राहिलं. गाव म्हणजे कजाग, बांधाच्या वीतभर जागेवरून कोर्टात जाणारं, आणि इथं पंधरा एकरांवर सगळे मूग गिळून बसले. ते असे का वागले, हे मला कुठल्या कागदात सापडणार?

तात्यांना रोखा दाखवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, “लिहिणाऱ्यानं चुकून लिहिलं असंल. पेटीत ठेव. पोराचं वरीस वाया घालवतो का?” मग जरा वेळानं हळू आवाजात, “आणि खंडू कुठल्या जातीचा निघाला म्हणजे?” त्यांची भीती ही आहे. मी चिडलो, बोललो, वहिनी मध्ये पडली. पण ते रात्री जेवले नाहीत, आणि त्यांनी मला खांद्यावर बसवून सिद्धनाथाच्या रथाला नेलेलं आहे. त्यांना मी वाईट म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस.

आता वही. राणबा पंढरपूरला तुळसाच्या अस्थी घेऊन गेला होता. उपाध्यायानं रीतीप्रमाणं विचारलं असणार : नाव, गाव, बाप, आजा, भाऊ, मुलं. इथं जमीन नाही, कर्ज नाही, सावकार नाही, तलाठी नाही. विचारणारा परका, उत्तर देणारा जाणता माणूस. नोंद अशी : राणबा, मौजे अमुक, मातोश्री तुळसा. मग त्याची बायको, आणि पोटचे दोघे. बापाच्या जागी ना मालू, ना खंडू. जागा सोडलेली नाही, शाई फिसकटलेली नाही, ओळ सलग पुढं गेलीय. आईनंतर सरळ बायको.

सुऱ्या, आपलं साताऱ्याच्या वसतिगृहातलं भांडण. फॉर्म भरताना मी तुला विचारलं, अण्णा तुझे कोण, आणि तू माझ्या अंगावर दौत फेकलीस. तीन महिने बोलला नाहीस. मला अजूनही वाटतं, मित्रानं विचारायला हवं होतं, आणि तुलाही ते कधीतरी कुणालातरी सांगायला हवं होतं. त्या रात्री गच्चीवर तू सांगितलंस ते मी आजवर कुणापाशी बोललो नाही. पण आता मला तेच विचारायचंय. आयुष्यभर तू रकान्यात अण्णांचं नाव लिहीत आलास. लिहिताना दुसरा माणूस आठवायचा का? की हात सरळ पुढं जायचा, राणबाच्या ओळीसारखा?

कारण माझं मन असं म्हणतंय, की राणबानं बाप लपवला नाही. त्याला विचारलं, तर त्यानं जिनं वाढवलं तिचं नाव सांगितलं, एवढंच. आणि मी स्टँपपेपरवर त्याच्या डोक्यावर मालू बसवला, की तुळसा त्या वंशावळीतून उडाली. त्या तक्त्यात बायकांना चौकटच नसते. जिनं बैलासाठी बांगडी काढून दिली ती कुठंच नाही, आणि जो बहुतेक त्याच्या जन्माला कारणही नाही तो वर. हे माझ्यानं होणार नाही. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, तेही आहेच, पण माझी झोप त्यानं उडालेली नाही.

मग पोराचं काय? हुशार आहे रे. काल येऊन म्हणाला, “काका, नसलं होत तर राहू दे, मी ओपनमधून बघतो.” त्याच्या तोंडाकडं बघवलं नाही. फेरफार सरकारीच आहे, त्यावर विसंबून लिहिलं तर मला कोण काय म्हणणार, असंही मनात येतं. आणि लगेच तो रोखा दिसतो.

सध्या मी असं ठरवलंय, की वंशावळीत राणबापासून खाली सगळं लिहायचं, वर ‘पालनकर्ती तुळसा कोम मालू’, आणि फेरफार, रोखा, वहीची नक्कल, तिन्ही जोडायचं. जात पडताळणी समितीनं ठरवावं. तात्यांना हे सांगायचंय, आणि ते मला एकट्याला जमायचं नाही. तुझं ते ऐकतात. तुझ्या घरातलं त्यांना माहीत आहे, आणि अण्णांवर त्यांचा जीव होता.

तुझं कसं चाललंय? ठाण्याचं घर विकलं का? मुलीचं पक्कं झालं ऐकलं, फार आनंद झाला, तारीख कळव. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन आता टाळू नका.

दाखल्याचा अर्ज पुढच्या महिन्यात द्यायचाय. त्याच्या आधी दोन दिवस काढून ये. स्वारगेटहून दहिवडीची थेट गाडी आहे. मी रोखा घरी आणून ठेवलाय, तो तू डोळ्यांनी बघ, मग आपण दोघं तात्यांकडं जाऊ. आणि मी जे विचारलंय त्याचं उत्तर फोनवर नको. लिहून पाठव, चार ओळी का होईना.

तुझा,
बाळ्या

ता. क. वहीत राणबाची निशाणी नांगराची आहे. फोटो काढू देत नव्हते, मी कागदावर जशीच्या तशी उतरवून घेतलीय, आल्यावर दाखवतो.